वाटेची सोबत

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात देवळाच्या मंडपात केलेलं भाषण)



आज कीर्तन न्हाई. त्यामुळं अभंग लावणार न्हाई, मृदंगवाल्यानं निवांत बसावं. मला सांगितलंय की वाटेवरच्या गोष्टी सांगा. शंभर वर्षं काही मी चाललो न्हाई. पन्नासभर म्हणा. त्याच्या आधीची वर्षं माझ्या आज्ज्यानं आणि बापानं चालल्यात, त्यांच्या गोष्टी घरात चुलीपुढं बसून ऐकल्यात.

बाहेरगावची माणसं मला कीर्तनाला गेलो की विचारतात, महाराज, तुमची दिंडी आषाढीला का न्हाई, कार्तिकीलाच का? त्याचं उत्तर शास्त्रात न्हाई, शेतात हाय. आषाढात आपल्या पट्ट्यात रोपलावण असती. गुडघाभर चिखल, वरनं पाऊस, आणि तवा आठ-पंधरा दिवस घर सोडलं तर वर्षभर काय खायचं? म्हणून आषाढी एकादशीला आपण नंदवाळला जातो. ते आपलं प्रतिपंढरपूर. सकाळी निघालं की दुपारपर्यंत दर्शन घेऊन माणूस परत चिखलात. कार्तिकीचं तसं न्हाई. भाऊबीज झाली, भात मळून घरात पडलं, की वीणा बाहेर पडते. आज्जा म्हणायचा, देवाला आपली अडचण ठावं हाय, त्यानं म्हणूनच दोन एकादशा ठेवल्या.

कोल्हापूरपासनं पंढरपूर एकशेऐंशी किलोमीटरच्या आसपास. हातकणंगले, जयसिंगपूर, उदगावला कृष्णेचा पूल, पलीकडं अंकली, मग मिरज, भोसे, कवठेमहांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला आणि शेवटी चंद्रभागा. भूगोल मी शाळेत चौथीपर्यंतच शिकलो, बाकीचा ह्या वाटेवर पायानं शिकलो. आता अंकलीचं एक सांगतो, कारण पोरांचा दरवर्षी घोटाळा होतो. माउलींच्या पालखीपुढं आषाढीला जे अश्व चालतात ते अंकलीच्या शितोळे सरकारांचे, हे खरं. पण ती अंकली ही न्हवं. ती बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यात. तिथनं ते अश्व चालत आळंदीला जातात. आपल्या वाटेवरची अंकली मिरज तालुक्यातली. मागं आपल्यातला एकजण ह्या अंकलीत घोडी कुठं बांधतात म्हणून विचारत फिरला होता. लोकांनी त्याला टांगेवाल्याकडं पाठवला.

भोशाजवळ एक मोठा वड. चारशे वर्षांचा म्हणायचे लोक त्याला. त्याच्या सावलीत आज्ज्यानं पाठ टेकली, बापानं टेकली, मीही टेकली. 2020 साली महामार्गाच्या आड येतो म्हणून त्याच्यावर कुऱ्हाड यायची वेळ आली, तवा लोकांनी ओरड केली, मंत्र्यांपर्यंत गोष्ट गेली आणि रस्ता वाकडा करून घेतला. त्याच्या सावलीची मोजदाद कुणी केली न्हाई, पण हजारो वारकरी तिथं घाम पुसून गेल्यात.

माझी पहिली वारी 1972 ची. मी बारा-तेरा वर्षांचा. तो दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांस्नी सांगायला नको. आपण पंचगंगेच्या काठची माणसं. आपल्याला पाणी म्हणजे पाटाला सुटतं, विहिरीला लागतं, न्हाईतर पुरानं घरात शिरतं. मिरज ओलांडून पुढं गेलो आणि मी पहिल्यांदा तळ दिसणारी विहीर बघितली. बायका-माणसं रस्त्याकडंला दुष्काळी कामावर खडी फोडत होती. नागजच्या अलीकडं एका वस्तीवर आम्ही थांबलो. दिंडीतल्या कुणाच्याच तांब्यात थेंब न्हवता. एक बाई कामावरनं नुकतीच आलेली, हाताला फोड. तिनं घरातनं एक कळशी आणली, अर्धी भरलेली. आज्ज्यानं विचारलं, "तुमाला हाय का घरात?" ती म्हणाली, "सकाळपतोर हाय. तुमी प्या, माउली."

आता बगा, पाणी वाटायचं कसं? आज्ज्यानं आधी तुळशीवर चार थेंब शिंपडले. मग आम्हा पोरांना, मग म्हाताऱ्यांना, मग बाकीच्यांना घोट घोट. स्वतः फक्त ओठ ओले केले आणि उरलेलं तिच्या कळशीत परत ओतलं. ती नको नको म्हणत होती. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. आज्ज्यानं जाताना आपल्याकडचा पायलीभर तांदूळ पडशीत बांधून नेला आणि त्या बाईच्या पदरात घातला. तवापासनं आजपर्यंत एका वर्षाचा खंड न्हाई. आज्जा गेला, ती माउलीही गेली. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी आता त्या भागात पोचलंय, जिथं कुसळं होती तिथं द्राक्षाच्या बागा झाल्यात. तिचा नातू बागायतदार हाय. त्याला आपल्या तांदळाची काय गरज? पण आपण तांदूळ नेतो, आणि तो दिंडीला एक वेळचं जेवण घालतो. एका वर्षी तांदूळ आमच्या टेम्पोत मागं राहिला, तर त्यानं वाढपी थांबवले. म्हणाला, "तांदूळ आल्याबिगर पंगत उठायची न्हाई."

कीर्तनात मी नामदेव-ज्ञानोबांच्या तीर्थयात्रेची कथा लावतो, तवा मला ती कळशी आठवते. कथा तुम्हाला ठावं हाय. नामदेवराय पंढरी सोडायला तयार न्हवते. शेवटी देवानंच त्यांचा हात ज्ञानोबांच्या हातात दिला आणि याला सांभाळून न्या म्हणून सांगितलं. मारवाडात दोघंही तहानले. विहीर खोल, दोर न्हाई. ज्ञानोबांनी योगबळानं सूक्ष्म होऊन खाली जाऊन पाणी प्यालं आणि म्हणाले, तुमच्यासाठी आणू का? नामदेवांनी देवाचा धावा केला आणि विहीर भरून वाहू लागली. मोठे महाराज यातनं योग आणि भक्तीचा विचार सांगतात, तो बरोबरच हाय. पण मला शेतकऱ्याला त्यात वाटेवरची दोन माणसं दिसतात. एकाची तहान भागली तरी त्याला पहिला विचार सोबत्याचा आला. पुढं 1296 साली ज्ञानोबांनी समाधी घेतली. नामदेवराय मात्र एकटे फिरत पार पंजाबात गेले. शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची 61 पदं हायत, आणि घुमान गावात आजही लोक त्यांचं नाव घेतात. सोबती गेल्यावर घरात बसून न राहता माणूस एवढं चालला.

आता आपल्यातली गोष्ट. नावं घेत न्हाई, दोघंबी ह्या मंडपात बसल्यात आणि आत्ताच खाली बघायला लागल्यात. ह्या दोघांचा बांधावरनं दावा. वीतभर बांध. कचेरीत तारखा चालू, गावात एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. पण टाळकऱ्यांच्या ओळीत त्यांची जागा शेजारी शेजारी, कारण दोघांच्या बापांची जागा तिथंच होती. दिंडीत जागा बदलत न्हाई. एका साली सांगोल्याच्या मुक्कामाला अवकाळी पाऊस झाला. राहुटी पडली, अंथरूण भिजलं, कोरडं घोंगडं राहिलं एकच, आणि ते होतं यांच्यातल्या एकाचं. दुसऱ्याला अंगात ताप. रात्रभर दोघं एका घोंगड्यात. सकाळी बघतो तर घोंगडंवाला दुसऱ्याची पडशी आपल्या खांद्याला लावून पुढं निघालेला. पंढरपूरपर्यंत त्यानंच ती वाहिली, गोळ्या आणल्या, रात्री पाय चेपले. मला वाटलं, दावा मिटला. कशाचं काय! परत आल्यावर आठ दिवसांनी तारीख होती. एकाच एसटीनं दोघं गेले, स्टँडवर एकाच्या फडक्यातली भाकरी आणि दुसऱ्याचा खर्डा मिळून खाल्ला आणि आत जाऊन वकिलामार्फत भांडले. दावा अजून चालू हाय. पण यंदा घोंगडं दोघांनी मिळून नवं घेतलंय.

परतीचा प्रवास पूर्वी आगगाडीनं. मिरज-पंढरपूर छोटी गाडी, बार्शी लाइट रेल्वे, 1927 साली मिरजेपर्यंत आली. म्हणजे आपल्या दिंडीच्याच वयाची. लेकुरवाळ्या बाया आत, गडीमाणसं टपावर. चढ लागला की गाडी एवढी मंद व्हायची की पोरं उतरून बाजूनं चालायची आणि परत चढायची. टपावर भजन चालायचं. पुढं मोठा रूळ झाला, गाडी वेगानं जाते, ते चांगलंच झालं. पण टपावरची हवा गेली ती गेलीच.

चुकामुकीच्या गोष्टी तर मोजता येणार न्हाईत. आमची एक आत्ती, वय झालेलं, एकादशीच्या दिवशी वाळवंटात गर्दीत हरवली. सगळी दिंडी शोधतेय. नामदेव पायरी बघितली, चोखोबांच्या समाधीपाशी बघितलं, पोलिसांच्या कर्ण्यावरनं पुकारलं. संध्याकाळी सापडली ती विदर्भातल्या एका दिंडीत, मधोमध बसून भजनाला टाळ्या धरलेल्या, पोटभर फराळ झालेला. आम्ही म्हटलं, "आत्ती, अगं किती शोधली तुला, चुकलीस कुठं?" ती म्हणाली, "म्या कुठं चुकलीया? मी हितंच हाय. तुमीच चुकलासा." पुढची पाच-सहा वर्षं ती विदर्भातली मंडळी तिला पंढरपुरात भेटायला यायची.

2020 साली करोना आला. आषाढीला मानाच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या, तिथं आपली काय कथा. त्या कार्तिकीला आम्ही वाटेचे आठ दिवस ह्याच देवळात वीणा उभी ठेवली. पाळीपाळीनं चौघं-चौघं. वीणा खाली टेकली न्हाई.

आता जे बोलायला खरं उभा राहिलोय ते बोलतो.

31 ऑक्टोबर 2022. आपल्याच करवीर तालुक्यातल्या जठारवाडीची दिंडी कार्तिकीला निघालेली. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ, संध्याकाळच्या वेळी, मागनं भरधाव गाडी आली आणि दिंडीत घुसली. सात वारकरी गेले. आम्ही त्या दिवशी एक मुक्काम मागं होतो. दुसऱ्या दिवशी त्या जागेवरनं गेलो तवा आमच्या विणेकऱ्यानं हात वर केला, टाळ थांबले. कुणी काही बोललं न्हाई. बायका रडत होत्या. ती आपल्याच वाटेची, आपल्याच भाकरीची माणसं.

त्या रात्री मुक्कामाला बैठक बसली. तरणी पोरं म्हणाली, आता टेम्पो करू, पादुका गाडीत ठेवू, चालायचं बंद. काही आई-बापांनी फोनवरनं पोरांना परत बोलावलं. आजही गावात हाच वाद चालू हाय, आणि शताब्दीच्या साली तो मंडपात झालेला बरा. मी माझं मत सांगतो. पूर्वीचा रस्ता एकेरी, दोन्हीकडं झाडं, बैलगाडी आणि चार-दोन ट्रक. तवा दिंडी रस्त्याचा राजा होती. आता तो रत्नागिरी-नागपूर महामार्ग, चौपदरी. गाडीवाल्याला पताका दिसेपर्यंत गाडी अंगावर आलेली असती. आपण मात्र आज्ज्याच्याच रीतीनं चालायलोय, दिवस मावळला तरी मुक्काम गाठायचाच म्हणून रेटायलोय. चालणं सोडायचं न्हाई, पण ही रीत सोडायची. गाडीत बसून गेलं तर दर्शन होईल, ती कळशीवाली माउली मात्र कुणाला भेटणार न्हाई. आणि चालणारं माणूस घरी परत न्यायचं हे दिंडीचं पहिलं काम. देवाच्या नावावर कुणाच्या घरातला दिवा विझलेला मला बघायचा न्हाई.

म्हणून यंदापासनं असं ठरवावं अशी माझी विनंती. दिवस मावळायच्या आधी दिंडी रस्त्यावरनं खाली उतरली पाहिजे, मुक्काम दोन कोस अलीकडं झाला तरी चालेल. त्यासाठी आठाचे नऊ दिवस लागले तर एक दिवस आधी निघू, भाऊबीज उरकून तिसऱ्या प्रहरी. पहाटे अंधारात काकडा करायचा, पण चालायला उजाडल्यावरच लागायचं. जिथं बाजूचा सेवा रस्ता असेल तिथं तोच धरायचा. ओळ दोघांची, तिघांची न्हाई. प्रत्येकाच्या पाठीवर गाडीच्या उजेडात चमकणारी पट्टी. ह्याला काही म्हातारी मंडळी हसतात, पांढऱ्या सदऱ्यावर हे काय म्हणून. गोपीचंदनाचा टिळा कपाळाला, तशी पट्टी पाठीला, असं समजा. टेम्पो दिंडीच्या मागं, दिवे लुकलुकत ठेवून, आणि त्याच्याही मागं शंभर पावलांवर लाल झेंडा घेऊन एक माणूस.

पायांचंही सांगतो. नवी कापशी चप्पल घालून कुणी निघू नका. करकर वाजते, दिसायला झोकात असते, पण जयसिंगपूरच्या आत फोड आणते. घ्यायची तर आत्ताच घ्या, तेल पाजा, दोन महिने शेतातनं वापरा, मग न्या. एक मळलेला जुना जोड टेम्पोत ठेवा.

लाल झेंड्याच्या माणसाचं काम सोपं न्हाई. त्याला भजन नीट ऐकू येत न्हाई, रिंगणातलं काही दिसत न्हाई, आणि धूळ सगळी त्याच्या तोंडात. दर दोन तासांनी माणूस बदलावा लागेल. त्यासाठी रोजची पाच-सहा नावं पाहिजेत. वही विणेकऱ्याकडं ठेवलीय, पहिल्या दिवसाच्या पहिल्या पाळीला माझं नाव लिहिलंय. त्याच्या खालच्या ओळी मोकळ्या हायत. बांधावरच्या त्या दोघांनी एकाच पाळीला नावं दिली तरी चालतील.

रामकृष्ण हरी.