रात्रीची पाळी कोणाची? गेममधली झोप आणि वावरातली जागल

इअरफोन लावून अंथरुणात पडून ऐकत असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी आहे. आज आपण झोपेवर बोलणार आहोत. म्हणजे गेममधल्या झोपेवर. पण बोलता बोलता खऱ्या झोपेवरही येऊ, कारण मी बोलतोय राळेगावहून, आणि आमच्याकडे हिवाळ्यात अर्ध्या घरांमध्ये कोणीतरी एक माणूस रात्री झोपलेला नसतो.

आधी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, डिसेंबर महिना, पहाटेचे साडेचार. मी माइनक्राफ्ट खेळत होतो. गेममध्ये रात्र झाली, मी पलंगावर टॅप केलं, स्क्रीन जरा काळी झाली आणि लगेच सकाळ. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बाबा वावरातून जागल करून आले होते. बॅटरी खुंटीला अडकवली, माझ्या मोबाइलच्या उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काऊन रे, अजून जागाच हायेस? तू मोबाइलात जागतं, मी वावरात जागतो. सकाळी काम कोन करन?"

मी गप्प. काय बोलणार? माझ्या गेममधला माणूस मात्र मस्त झोपून उठला होता!

तर आजचा प्रश्न असा आहे. सर्व्हायव्हल गेममध्ये झोप कशी असावी? खऱ्यासारखी असावी, की फक्त चॅलेंज वाढवण्यापुरती असावी? दोन्ही बाजूंनी लोक भांडतात. एक म्हणतो, "भूक आहे, तहान आहे, थंडी आहे, मग झोप का नको?" दुसरा म्हणतो, "दिवसभर काम करून मी गेम खेळायला बसलो, आता तिथेही झोपू का?"

आधी साधा हिशोब करू. माइनक्राफ्टचा एक दिवस, म्हणजे दिवस अधिक रात्र, २० मिनिटांचा असतो. माणूस साधारण एक तृतीयांश वेळ झोपतो. म्हणजे अगदी खरं खरं करायचं तर दर २० मिनिटांत जवळपास सात मिनिटं तुम्ही काळ्या स्क्रीनकडे बघत बसणार. कोण बसेल? म्हणून बहुतेक सगळे गेम इथे एक सवलत घेतात: झोपलं की वेळ पळतो. म्हणजे झोपेचा खरेपणा पहिल्याच पायरीवर सोडून द्यावा लागतो. मग उरतं काय? उरते झोपेची किंमत. झोपायला काय द्यावं लागतं आणि नाही झोपलं तर काय जातं. प्रत्येक गेमने ही किंमत वेगळी लावली आहे, आणि गंमत तिथेच आहे.

माइनक्राफ्टच बघा. जवळ राक्षस असेल तर पलंग तुम्हाला झोपूच देत नाही. आधी भिंत बांधा, दार लावा, मग झोपा. २०१८ च्या अपडेटमध्ये त्यांनी फँटम आणले. गेममधले तीन दिवस झोपला नाहीत, तर रात्री आकाशातून हे उडते प्राणी तुमच्यावर झडप घालतात. म्हणजे आधी झोप ही सोय होती, मग न झोपण्याला शिक्षा आली. बऱ्याच खेळाडूंना हे आवडलं नाही. मला विचाराल तर मलाही नाही, कारण फँटमचा आणि थकव्याचा संबंध काय? थकलेल्या माणसावर आकाशातून काही पडत नाही.

डोन्ट स्टार्व्ह, २०१३ चा गेम, त्याची पॉकेट एडिशन मोबाइलवरही आहे. तिथे झोपलं की डोकं ठिकाणावर येतं, पण भूक वाढते. म्हणजे झोपेचे पैसे अन्नात मोजायचे. द लाँग डार्क, कॅनडाच्या बर्फात जगायचा गेम, २०१७ ला पूर्ण रूपात आला. तिथे थकव्याचा वेगळा मीटर आहे. थकलात की तुम्ही कमी ओझं उचलू शकता. झोपलात तरी शरीर कॅलरी जाळतच राहतं, आणि मध्यरात्री शेकोटी विझली तर झोपेतच गारठून मरू शकता. म्हणून झोपायच्या आधी तुम्ही मोजता: लाकडं किती तास पुरतील? मी किती तास झोपू? हा हिशोब मला फार खरा वाटतो.

फॉलआउट ४ चा सर्व्हायव्हल मोड २०१६ ला आला. तिथे गेम सेव्ह करायचा तर झोपावं लागतं. आणि कशावर झोपता त्यावर तास ठरतात. जमिनीवरच्या स्लीपिंग बॅगमध्ये तीन तास, गादीवर पाच, नीट पलंग असेल तर पूर्ण झोप. पडका पलंग दिसला की जीव भांड्यात पडतो! आणि व्हॅलहाइम, २०२१ चा. तिथे न झोपल्याची शिक्षा नाही. पण वर छप्पर आणि जवळ विस्तव असेल, तरच पलंगावर झोप लागते, आणि उठल्यावर दम लवकर भरतो. म्हणजे दंड नाही, बक्षीस आहे.

या सगळ्या गेममध्ये जिथे मीटर आहे, तिथे एक गोष्ट मला खटकते. मीटर सांगतो, "तू आता इतका थकलास." खऱ्या थकव्याची खोड नेमकी उलटी आहे. थकलेल्या माणसाला आपण किती थकलोय हे कळत नाही.

थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. अलेक्झांडर बोर्बेली नावाच्या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये झोपेबद्दल एक विचार मांडला, तो आजही मानला जातो. झोप दोन गोष्टींनी ठरते. एक, तुम्ही किती वेळ जागे आहात. जितकं जागाल तितका झोपेचा दाब वाढतो. दोन, शरीरातलं घड्याळ, जे पहाटेच्या सुमाराला तुम्हाला सगळ्यात खाली ओढतं. गेमचा मीटर फक्त पहिली गोष्ट मोजतो. म्हणून गेममध्ये रात्री दोनला आणि दुपारी दोनला थकवा सारखाच. पण जागलीला गेलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल, "रात्र निघून जाते, पहाट निघत नाही."

दुसरी गोष्ट. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की सलग १७ तास जागा असलेला माणूस हातांनी आणि डोळ्यांनी तेवढ्याच चुका करतो, जेवढ्या रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला माणूस करतो. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे ०.०३ टक्के. आता हिशोब करा. सकाळी पाचला उठलेला शेतकरी रात्री दहालाच १७ तास पूर्ण करतो. आणि जागल तर तेव्हा सुरू होते!

आता जागल म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. आमच्याकडे पऱ्हाटी असते, तूर असते, हिवाळ्यात हरभरा असतो. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाय, रात्री येतात आणि एका रात्रीत उभं पीक लोळवतात. म्हणून वावरात मचाण बांधून कोणीतरी रात्रभर बसतं. डबा वाजवतं, हाकारे देतं, बॅटरी फिरवतं. ज्याला जमतं तो कुंपणाला झटका मशीन लावतो, तरी जावंच लागतं. त्यात शेतीची लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की मोटर सुरू करायला, पाइप बदलायला अंधारात, थंडीत, चिखलात उतरायचं. पायाखाली साप आहे की काय, तेही बघायचं.

आणि राळेगावचं नाव बाहेर बऱ्याच जणांनी ऐकलं ते एका वाघिणीमुळे. टी-१, लोक तिला अवनी म्हणायचे. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा भागातल्या १३ माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले. सगळे तिनेच घेतले का, यावर खूप वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. कोण बरोबर, कोण चूक, हा आजचा विषय नाही. मला त्या दिवसांतली एकच गोष्ट आठवते. संध्याकाळ झाली की घराघरात एकच बोलणं: आज वावरात जायचं का? नाही गेलं तर पीक जाईल, गेलं तर काय होईल सांगता येत नाही.

त्या हंगामात बाबा कधी एकटे गेले नाहीत. लागून लागून वावरं असलेले चार-पाच जण एका जागी शेकोटी करायचे. बाकीचे आडवे व्हायचे, एक जण जागा राहायचा. दोन तासांनी पाळी बदलायची. बाबा अजूनही सांगतात, "वाघाची भीती होती, पण त्या सालाइतकी झोप जागलीत कधी भेटली नाही." विचार करा. भीती जास्त, तरी झोप जास्त. का? कारण दुसरा कोणीतरी जागा होता.

इथे मला गेमची गोष्ट उलगडली. माइनक्राफ्टमध्ये मित्रांसोबत खेळताना रात्र पळवायची असेल तर साध्या नियमाने सगळ्यांना झोपावं लागतं. व्हॅलहाइममध्येही तेच. एक जण खाणीत बसलेला असतो आणि बाकीचे ओरडत असतात, "अबे झोप न लवकर!" खऱ्या जगात नेमकं उलटं होतं. सगळे झोपले की धोका असतो. एक जण जागतो म्हणून बाकीचे झोपू शकतात.

आणि हे पकडलेला एक गेम आहे. धिस वॉर ऑफ माइन, २०१४ चा, मोबाइलवरही मिळतो. बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला १९९२ ते १९९६ वेढा पडला होता, त्यावरून सुचलेला. तुम्ही सैनिक नाही, पडक्या घरात अडकलेली साधी माणसं आहात. रोज रात्री ठरवायचं: सामान शोधायला बाहेर कोण जाणार, पलंगावर कोण झोपणार, फरशीवर कोण झोपणार, आणि पहारा कोण देणार? पहारा ठेवला नाही तर चोर सगळं घेऊन जातात. ज्याला पहाऱ्यावर बसवलं, तो दुसऱ्या दिवशी थकलेला असतो. पलंग एकच असेल आणि माणसं तीन, तर तो कोणाला द्यायचा? आजाऱ्याला, की उद्या बाहेर जाणाऱ्याला?

या गेममध्ये झोपेची खरी तपशीलवार नक्कल नाही. तरी मी खेळलेल्या सगळ्या गेमपैकी झोप सगळ्यात खरी तिथेच वाटली, आणि सगळ्यात अवघडही तिथेच. म्हणून खरेपणा की चॅलेंज, या भांडणात माझं मत असं: झोपेचा खरेपणा तासांत नाही आणि मीटरमध्येही नाही. "आज माझ्याऐवजी कोण जागणार?" हा प्रश्न ज्या गेमने विचारला, तिथे दोन्ही एकदमच येतात. वेगळं काही करावं लागत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ही गेमची नाही. त्याच हिवाळ्यात एका पहाटे बाबा गाडीवरून परत येताना पांदणीत घसरले. गाडी सरळ नालीत. गुडघा सोलला, हाताला मुका मार लागला, देवाच्या दयेने तेवढ्यावर भागलं. आई ओरडली, "डोळा लागला असंन!" बाबा म्हणाले, "नाही ओ, मले झोपच नव्हती आली." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. डोळ्यांसमोर मीटर नव्हता ना.

त्या रात्री मीही जागाच होतो, चॅलेंज म्हणून. मला वाटलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवू शकत होतो. बाबांना जागल बाजूला ठेवता येत नव्हती. फरक एवढाच होता, पण मला तो तोवर दिसलाच नव्हता.

मग आम्ही पाळी लावली. मी, बाबा आणि चुलतभाऊ. तीन रात्रींतली एक माझी. पहिल्या रात्री मचाणावर माझी काय हालत झाली, ते विचारू नका. दीड वाजता वाऱ्याने तूर हलली तरी मी बॅटरी मारत होतो. पहाटे चारला तर उभ्या उभ्या डुलक्या. पण घरी आलो तेव्हा बाबा बाजेवर तोंडावर दुपट्टा घेऊन घोरत होते. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि ते घोरत होते! तसं मी कधी पाहिलंच नव्हतं.

तर मंडळी, गेम खेळा, मीही खेळतो. फक्त आज झोपायच्या आधी एकदा बघा, तुमच्या घरात रात्री कोण जागतं. वावरात असेल, दवाखान्यात ड्यूटीवर असेल, एसटी चालवत असेल, आजारी आजीपाशी बसलेलं असेल. आणि एखादी पाळी तुम्हाला घेता येते का, तेही बघा.

चला, फोन ठेवा आता आणि झोपा. माझी आज पाळी आहे, मी निघतो. भेटू पुढच्या भागात.