अभ्रकाची प्रकाशपरीक्षा

गुरुग्रामहून सोहन्याकडे जाताना अरवलीच्या ज्या ठेंगण्या टेकड्या दिसतात, त्या मुख्यतः क्वार्टझाइट या कठीण खडकाच्या आहेत. त्या खडकाच्या थरांतून अधूनमधून अभ्रकमय शिस्टचे पट्टे गेलेले असून त्यांचे चंदेरी कण उन्हात चकाकतात. परंतु चकाकणारे सारे अभ्रक एकाच जातीचे असते काय?

प्राचीन रसशास्त्रकारांनाही हा प्रश्न पडला होता. त्यांनी अभ्रक अग्नीत घातले. ज्याचे पापुद्रे सुटले ते पिनाक, जे फुत्कारले ते नाग, ज्याने बेडकाप्रमाणे उडी घेतली ते मंडूक, आणि जे निर्विकार राहिले ते वज्र. औषधास वज्रच ग्राह्य! परीक्षा मोठी रसिक खरी, पण तीत नमुना खर्ची पडतो.

आजची परीक्षा प्रकाशाची आहे. तांबड्या रंगापलीकडील अदृश्य किरण १८०० साली विल्यम हर्शेल यांनी शोधून काढले. हे अवरक्त किरण अभ्रकावर टाकले, तर परतणाऱ्या प्रकाशात काही ठिकाणी उणीव आढळते. त्या उणिवेचे कारण अभ्रकाच्या घडणीत आहे. पांढऱ्या अभ्रकाच्या वजनात सुमारे साडेचार टक्के पाणी असते असे म्हणतात. ते ओलाव्याचे पाणी नव्हे, तर ऑक्सिजन व हायड्रोजन यांची स्फटिकात जखडलेली जोडी असते. ही जोडी तंबोऱ्याच्या तारेसारखी कंप पावते. तिचा मूळ स्वर २,७५० नॅनोमीटरच्या आसपास, तर वरच्या सप्तकातला षड्ज १,४०० च्या जवळ, गणिताने यावा त्याहून किंचित उतरलेला! ॲल्युमिनियमशी जुळलेल्या जोडीची खूण २,२०० पाशी उमटते. ॲल्युमिनियम कमी होऊन त्याची जागा लोह-मॅग्नेशियमने घेतली की हीच खूण थोडी लांब तरंगाकडे सरकते. काळ्या अभ्रकाच्या खुणा २,२५० आणि २,३५० च्या आसपास पडतात. १,९०० पाशी ठळक खाच दिसली, तर मात्र खरोखरीचे पाणी आहे आणि अभ्रक झिजून त्याची माती होऊ लागली आहे, असा संशय घ्यावा. चिनी मातीची २,२०० ची खाच तर दुहेरी असते, म्हणून ती सहसा लपत नाही.

चंद्रावर हायड्रॉक्सिल असल्याचा पुरावा चांद्रयान-१ वरील उपकरणाने २००९ साली दिला, तोही याच जोडीच्या मूळ स्वराजवळच्या शोषणावरून.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गुरुग्राम, फरिदाबाद व मेवात या जिल्ह्यांतील अरवलीत खाणकाम थांबविले. जेथे सुरुंग लावणे योग्य नाही, तेथे खडक न फोडता त्याची जात सांगणाऱ्या या विद्येचे मोल अधिक. आकाशातून मात्र तिचा येथे फारसा उपयोग होत नाही. क्वार्टझाइटमधील गारगोटी या किरणांपुढे मौन पाळते, आणि उरलेल्या उतारांवर वेड्या बाभळीने व धुळीने पांघरूण घातले आहे. तेव्हा उघड्या कड्याशी जाऊन उपकरणाचे तोंड दगडालाच लावावे लागते.