पडद्यावरील भय व हृदयांतील भय
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं मागील पिढ्यांचे उपकार आठवावे, हें उचितच आहे. पण पुढील पिढीच्या हातांत काय आहे, इकडेही आपलें लक्ष असावें, म्हणून आज मी व्हिडिओ गेमविषयीं चार शब्द बोलणार आहें.

गेल्या वर्षीं एक मुलगा मला म्हणाला, "फादर, खेळतांना माझी छाती धडधडते, रात्रीं दिवा मालवण्याची भीति वाटते." मीं हंसून म्हटलें, "अरे, तीं नुसतीं चित्रें!" तो गप्प झाला, आणि पुन्हां त्यानें मला कांहीं सांगितलें नाहीं. पुढें त्याच्याच वयाच्या मुलांजवळ बसून मीं तसला एक खेळ खेळून पाहिला. माझे तळहात घामेजले. तेव्हां मला माझी चूक कळली.

चित्र खोटें असलें तरी भय खरें कसें? नाटक पाहणारा दुसऱ्याचें संकट पाहतो. खेळणारा मात्र स्वतः संकटांत पाऊल टाकतो. दार उघडणारा अंगठा त्याचाच असतो. १९७८ सालीं जपानांत निघालेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' ह्या खेळांत शत्रु जसजसे कमी होत, तसतसे उरलेले अधिक वेगानें चाल करून येत, व चार स्वरांचा ठेका जलद होई. खेळणाऱ्याचें काळीज त्या ठेक्याबरोबर धांवे. १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्यें गोळ्या मोजक्याच मिळत. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्यें सर्वत्र धुकें असे, व राक्षस जवळ आला कीं रेडिओची खरखर ऐकूं येई. २०१० च्या 'अम्नेशिया'मध्यें तर शस्त्रच नाहीं. पळणें व लपणें एवढेंच हातीं. म्हणजे भय वाढतें तें केवळ राक्षसामुळें नव्हे, तर न दिसण्यामुळें आणि असहायतेमुळें.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनीं तेराव्या शतकांत हेंच सांगितलें कीं, येऊं घातलेलें व सहज न टाळतां येणारें अनिष्ट, तेंच भयाचें कारण. आपल्या लासलगांवीं हें नवें नाहीं. कांद्याचा ट्रॅक्टर लिलावांत उभा असतां, भाव पुकारला जाण्यापूर्वीं शेतकऱ्याच्या मनांत जी कालवाकालव होते, तिचीच ही धाकटी बहीण. भेद एवढाच कीं, खेळांतील हानि बटन दाबतांच भरून निघते. शेतकऱ्याची निघत नाहीं.

तथापि ह्या खेळांत भयच असतें असें नाहीं. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या 'राजी' ह्या खेळांत, असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाला शोधावयास एक बहीण निघते. तिला पुढें नेते ती माया. अमेरिकेंतील रायन व एमी ग्रीन ह्या ख्रिस्ती दांपत्यानें तर, आपला लहानगा जोएल कर्करोगानें आजारी असतां, त्याच्याविषयींच एक खेळ रचावयास घेतला. जोएल २०१४ सालीं वारला. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा खेळ २०१६ सालीं निघाला. त्यांत एके ठिकाणीं बाळ रडत असतें. खेळणारा त्याला शांत करूं पाहतो, पण एकामागून एक उपाय व्यर्थ जातो. दुःखी आईबापांच्या शेजारीं मुकाट्यानें बसणें म्हणजे काय, हें तेथें कळतें.

म्हणून, पालकहो, सरसकट निषेध करूं नका व सरसकट मोकळीकही देऊं नका. भय, क्रोध, दुःख हे मनोविकार स्वतः पाप नव्हेत. बुद्धीनें त्यांना वळण लावावें, अशी संत थॉमस ह्यांची शिकवण आहे. खेळावर लिहिलेली वयोमर्यादा वाचा. एकदां तरी मुलाच्या शेजारीं बसा. खेळ संपल्यावर तो अधिक कनवाळू होतो कीं अधिक चिडखोर, त्याला झोंप लागते कीं नाहीं, हें पाहा. आणि तो "मला भीति वाटते" म्हणाला, तर हंसूं नका.

त्या मुलाची मीं क्षमा मागितली आहे. अजून तो मोकळेपणानें बोलत नाहीं. मी वाट पाहत आहें. तुमच्या घरीं अशी वाट पाहण्याची वेळ न येवो, हीच प्रार्थना.