शाळेच्या समितीतील आपली जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी देवपूर येथे केलेले भाषण)



‘स्त्रिया आणि शाळेचा कारभार’ या विषयावर मी दोन शब्द बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली. शिकविण्यावर बोलणे सोपे होते. पांझरेच्या या तीरावर काय नि त्या तीरावर काय, प्राथमिक शाळेत डोकावले की फळ्यापाशी बाई दिसतातच. पण शाळेविषयी ठरविते कोण, हे विचारले की आपण जरा घुटमळतो.

हा प्रश्न आजचा नव्हे. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तिथे सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. त्यांनी शिक्षिका तर मागितल्याच, पण शाळा तपासावयासही स्त्रिया नेमा असे सांगितले. पुरुष तपासनीस बाईच्या बारीकशा चुकीचा केवढा बाऊ करतात, हे त्यांनी ओळखले होते. शिकविणे निराळे आणि अधिकार निराळा, एवढे त्या बाईंना त्या काळी स्पष्ट दिसले!

आता कायदा आपल्या बाजूला आहे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया हव्यात. खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. शाळेवर देखरेख ठेवणे, विकासाचा आराखडा करणे, अनुदान कुठे खर्च होते ते पाहणे ही समितीची कामे. रमाबाईंनी मागितलेले तपासण्याचे काम असे थोडेफार आपल्या चुलीपर्यंत चालत आले म्हणा ना!

पण होते काय? माझ्या एका शेजारणीची गोष्ट सांगते; शाळेचे नाव सांगत नाही. ती समितीची सभासद. एके दिवशी तिच्या दारी एक मुलगा ठरावाचे बुक घेऊन आला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची खूण आधीच केलेली. हिचे हात पिठात. ती म्हणाली, “थांब रे दादा,” आणि सहावीतल्या लेकीला वाचायला बसविले. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती पूर्ण झाली, समितीने समाधान व्यक्त केले’ इथवर वाचून पोर थांबली. म्हणाली, “आई, दाराला कडी तर अजून नाहीच.”

बाईने सही केली नाही. बुक तसेच परत गेले.

भगिनींनो, कडी म्हणजे क्षुल्लक वस्तू वाटेल. पण ती नाही म्हणून मुली सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, मधल्या सुटीत घरी निघून येतात. आणि पोर जरा मोठी झाली की महिन्यातले काही दिवस शाळाच बुडते. अशी बुडता बुडता ती सुटते. आराखडा करणाऱ्या पुरुषांना हे सुचत नाही, कारण त्यांच्यावर ती पाळी आलेली नसते. पुढच्या सभेत शेजारणीने विषय काढला. कडी आठवड्यात लागली. नळाला पाणी यायला मात्र दोन महिने आणि तिच्या चार खेपा लागल्या.

कित्येक ठिकाणी सभासद बाई आणि सभेला मात्र यजमान, असाही प्रकार चालतो. कारण विचारले तर उत्तर येते, “माले काय समजस, बाई?” असे कसे? पालक सभासदाकडे कायदा शाळेचा दाखला मागत नाही. आपल्या बहिणाबाई चौधरींना अक्षर लिहिता येत नव्हते. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि धुळ्याच्या कॉलेजातील मुलांच्या पदव्यांवरही तेच असते.

एक अडचण मात्र खरी. सभा सकाळी अकराला ठेवली की मजुरीवर जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. मग ती आली नाही, तर बायकांना आस्था नाही असे म्हणायला लोक मोकळे. तेव्हा येत्या पालकसभेला जाल तेव्हा दोन गोष्टी मागा : सभा संध्याकाळी ठेवा, आणि मागचा ठराव मोठ्याने वाचून दाखविल्याखेरीज सहीचे बुक पुढे करू नका. एकटीला बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर मंडळातून दोघीतिघी मिळून जा.