कौन्सिलात कोण बसलं होतं?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



परवा आम्ही एका जमिनीच्या केसला कचेरीत गेलो होतो. साहेबांनी उताऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाले, ही नवी शर्त आहे, परवानगीशिवाय विकता येत नाही. पण कसतोय सावकारच! ही शर्त आली कुठून, ते आम्ही शोधलं. बारावीपर्यंतच्या पुस्तकात हे कुठं नव्हतं.

1892 च्या कायद्याने मुंबईच्या कौन्सिलात थोडे जास्त हिंदी सभासद आले. नगरपालिका, लोकल बोर्डं, युनिव्हर्सिटी असल्यांनी नावं सुचवायची, शेवटचा शब्द सरकारचा. 1901 साली तिथं जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आली. साऱ्यापायी सरकारजमा झालेली जमीन परत देताना, कलेक्टरला विचारल्याशिवाय विकायची नाही, या अटीवर द्यायची. नुकताच मोठा दुष्काळ पडून गेला होता. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले यांनी विरोध केला. शेतकऱ्याची मालकी जाईल, तो सरकारचं कूळ होईल, असं त्यांचं म्हणणं. सरकार ऐकेना, तेव्हा ते सभा सोडून उठून गेले. कायदा पास झाला.

आम्हाला विचाराल तर दोघांचं अर्धं अर्धं खरं. सरकारने सावकाराचं नाव घेतलं, पण जमिनी जप्त होत होत्या त्या साऱ्यापायी. पुढाऱ्यांना सरकारची हाव दिसली, सावकाराची वही तेवढी दिसली नाही. आणि ज्याची जमीन जात होती, तो त्या खोलीत नव्हताच.

1919 च्या सुधारणा झाल्या. खेड्यात मत कुणाला? ठरावीक सारा भरणाऱ्याला. म्हणजे सावकाराने जमीन घेतली की मतही त्याच्या घरी गेलं. 1935 च्या कायद्यात तळोदे, नवापूर, अक्राणी हे अंशतः वगळलेले भाग ठरले. गव्हर्नरने हुकूम काढल्याशिवाय कायदेमंडळाचा कायदा इथं लागू नाही. आमच्या संरक्षणासाठी, असं सांगितलं. मुंबई असेंब्लीत जागा 175, त्यात आदिवासी आणि मागास भागांना 1. कायदा वेशीवर थांबला. सावकार, ठेकेदार, जंगलखातं कुठं थांबलं?

आता मत सगळ्यांना आहे. घटनेची पाचवी अनुसूची त्याच जुन्या कलमांवरून आली, गव्हर्नरच्या जागी राज्यपाल. ती काय सांगते, ते दुपारच्या बैठकीत वाचू. ज्यांच्या उताऱ्यावर नवी शर्त लिहिलीय, त्यांनी उतारा घेऊन यावं. समोरच्याकडे कलेक्टरच्या परवानगीचा कागद आहे का, एवढंच आधी विचारायचं.