किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला?

(स्त्रियांच्या सल्लाकेंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पोटगीबद्दल बोललो, पोलीस ठाण्यातल्या अनुभवांबद्दल बोललो. आता जेवणानंतर मी कॉम्प्युटरबद्दल बोलणार म्हटल्यावर मागच्या काहीजणींनी पिशव्या उशाला घेतलेल्या मला इथून दिसताहेत. घ्या खुशाल. तुमच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा आम्हाला समुपदेशन शिकवलं, कायदे शिकवले, केसची नोंद कशी लिहायची तेही शिकवलं. पण ती नोंद ज्या यंत्रात ठेवायची त्या यंत्रावर हुकूमत कोणाची, हे ना कोणी शिकवलं, ना मी कधी विचारलं. दोन प्रसंग घडले म्हणून विचारावं लागलं. आधी ते सांगते.

पहिला प्रसंग. आमचं केंद्र जिल्ह्याच्या गावी आहे. तिथला मुख्य कॉम्प्युटर एकदा सुरूच होईना. नेहमीचा दुरुस्तीवाला मुलगा आला आणि यंत्र उचलून दुकानात घेऊन गेला. चार दिवस ते तिकडे होतं. आम्ही निश्चिंत. चौथ्या दिवशी आमच्याकडे येणारी एक बाई बोलता बोलता म्हणाली, "ताई, ते दुकान माझ्या धाकट्या दिराचं आहे." तिची सगळी केस त्याच कॉम्प्युटरमध्ये होती. ती कुठे राहायला गेली, मुलाला कोणत्या शाळेत घातलं, सगळं. यंत्र परत आलं, पुढे काही वाईट घडलं नाही. पण त्यात आमची काही हुशारी नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही लोखंडी कपाटाला कुलूप घालतो, बाई बोलत असताना दार लोटून घेतो आणि तिची सगळी कहाणी मात्र एका अनोळखी मुलाच्या स्कूटरवर ठेवून देतो!

दुसरा प्रसंग. २०२३ साली एक बाई थकलेल्या पोटगीसाठी आली. तिची पहिली तक्रार आमच्याकडे २००९ साली नोंदली होती. वकीलबाईंना ती जुनी नोंद हवी होती. फाइल सापडली, उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. त्या काळी आम्ही मराठी टायपिंगचा एक विकतचा प्रोग्रॅम वापरत होतो. त्याच्याबरोबर पेन ड्राइव्हसारखं दिसणारं एक कुलूप मिळायचं. ते यंत्राला लावलेलं असेल तरच प्रोग्रॅम चालायचा. ते कुलूप कधीच हरवलेलं, जुनं यंत्र भंगारात गेलेलं, आणि ती आवृत्ती आता मिळत नाही. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांवर मराठी अक्षरांची चित्रं चढवलेली होती. फॉन्ट गेला की चित्र गेलं.

त्या बाईचं काम शेवटी कशाने झालं? आमच्या सर्वांत ज्येष्ठ ताई हाताने लिहीत त्या जाडजूड रजिस्टरने. आम्ही तरुण मुली त्या रजिस्टरला हसायचो.

आमच्या भाषेत, आमच्या हाताने, आमच्याच कामाबद्दल लिहिलेलं आम्हाला वाचता येत नव्हतं, कारण किल्ली दुसऱ्याकडे होती. जुन्या घरांत किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला, यावरून घरात कोणाचं चालतं ते कळायचं. सून दिवसभर कोठीघरात राबायची, पण किल्ली सासूच्या कमरेला. आमची गत त्या सुनेसारखी होती.

आता थोडं तांत्रिक सांगते. यंत्र सुरू केल्यावर जो प्रोग्रॅम सगळा कारभार सांभाळतो त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्या बहुतेक केंद्रांत ती विंडोज असते. ती कंपनीच्या मालकीची आहे. आपण पैसे भरतो ते वापरण्याच्या परवान्याचे. आत काय चाललंय ते पाहण्याची, बदलण्याची, मैत्रिणीला प्रत देण्याची मुभा त्यात नसते. आमच्याकडे तर परवानाही नव्हता. यंत्र घेताना दुकानदाराने "टाकून दिलं" होतं. म्हणजे दिवसभर कायद्याची भाषा बोलणाऱ्या आम्ही, टेबलावर चोरीचा माल ठेवून बसलो होतो. हे इथे कबूल करायला लाज वाटते, पण हात वर करायला सांगितलं तर मी एकटी पडणार नाही याची खात्री आहे.

याला दुसरी वाट आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने जाहीर केलं की, सर्वांना वाचता येईल, बदलता येईल, वाटता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम आपण लिहिणार. त्या कामाचं नाव ग्नू. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा लिहिला, तो लिनक्स. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी, कंपन्यांनीही, त्यात भर घातली. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार हक्क मानले जातात: हव्या त्या कामासाठी वापरण्याचा, आत कसं चालतं ते अभ्यासण्याचा, प्रती वाटण्याचा, आणि सुधारून ती सुधारणा इतरांना देण्याचा. बहुतेक वेळा ते फुकटही मिळतं, पण मुद्दा फुकटचा नाही. एखादी गोष्ट वापरायला मिळणं आणि तिच्यावर हक्क असणं यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. वीस वर्षं एका घरात चूल पेटवूनही घर कोणाच्या नावावर हे विचारल्यावर गप्प होणाऱ्या बायका रोज आपल्यासमोर बसतात.

आमच्या बैठकीत हा विषय मी काढला तेव्हा विरोध झाला, आणि तो रास्त होता. हिशेब पाहणारी मैत्रीण म्हणाली, "आधीच कामाचा ढीग, त्यात हे नवं खूळ." त्यातच बातमी होती की विंडोज १० या आवृत्तीला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार. पुढे काही काळ वाढीव मुदतीची सोय कंपनीने ठेवली, पण ती तात्पुरती. विंडोज ११ ला जो प्रोसेसर आणि टीपीएम नावाची जी सुरक्षेची सोय लागते, ती आमच्या चारपैकी एकाही यंत्रात नव्हती. चालती यंत्रं काढून चार नवी घ्यायची, की हा प्रयोग करून पाहायचा? देणगीदाराला "कॉम्प्युटर" या शीर्षाखाली पैसे मागणं किती कठीण असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रयोगावर मतं पडली, तीही फक्त एका यंत्रापुरती.

आम्ही लिनक्स मिंट निवडलं, कारण त्याचा पडदा विंडोजची सवय असलेल्याला परका वाटत नाही. ते पेन ड्राइव्हवर घेऊन, यंत्रात काहीही न बदलता, आधी नुसतं चालवून पाहता येतं. आठवडाभर तसंच पाहिलं. मग सगळ्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर काढल्या. हे न करता कोणी पुढे जाऊ नका, कारण नवी सिस्टिम बसवताना जुनं सारं पुसलं जातं. बसवताना पूर्ण डिस्कला कुलूप घालायचा पर्याय येतो, तो आम्ही घेतला. आता परवलीचा शब्द दिल्याशिवाय त्या यंत्रातलं अक्षरही वाचता येत नाही, मग ते कोणाच्याही दिराच्या दुकानात जावो. खरं बोलायचं तर असं कुलूप विंडोजच्या काही आवृत्त्यांतही असतं. आमच्या चोरट्या प्रतीत ते आहे की नाही, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. आणि एक जपायचं: तो शब्द विसरला तर आपल्यालाही काही उघडत नाही. आमचा शब्द दोघींना पाठ आहे आणि बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

सर्वांत मोठं काम जुन्या मराठी फाइलींचं. अशा फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. आमच्या फॉन्टसाठीही एक मिळाला. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर टिकतो. पण रूपांतर निर्दोष होत नाही. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर उडी मारते, "साऱ्या" मधला ऱ्या मोडतो, जोडाक्षरं फुटतात. बायकांची नावं चुकत होती. म्हणून आम्ही दोघी-दोघी बसून, एकीने रजिस्टर वाचायचं, दुसरीने पडदा तपासायचा, असं चार महिने केलं. नऊशेच्या वर नोंदी. काही बायकांना आम्ही विसरून गेलो होतो. त्या पुन्हा भेटल्या.

सगळं जमलं असं नाही. हिशेबाचा आमचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाही, म्हणून विंडोजवालं एक यंत्र ठेवलं आहे. रीतसर परवान्यासह, आणि त्यावर केसची एकही नोंद नाही. जुना स्कॅनर अजून रुसलेला आहे. वकीलबाईंच्या वर्डच्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडल्या की कधी तक्ते सरकतात, तेव्हा आम्ही अंतिम मसुदा पीडीएफ करून पाठवतो. टायपिंग करणाऱ्या ताईंना इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत माझ्याशी त्या मोजकंच बोलल्या. या सगळ्याचा वेळ धरला तर "फुकट" हा शब्द मी वापरणार नाही. पैसे मात्र वाचले. तीन यंत्रांत नवी डिस्क घातली, ती नीट चालताहेत.

आणखी एक बदल झाला, जो आम्ही योजला नव्हता. पूर्वी काही बिघडलं की "तो मुलगा येईल तेव्हा पाहू" असं व्हायचं. आता कोणी तसा मुलगा नाही, म्हणून आम्हीच पाहतो. तिसऱ्या यंत्रावर सिस्टिम बसवली ती आमच्या वस्त्यांत फिरणाऱ्या कार्यकर्तीने. शाळा नववीत सुटलेली. इंग्रजी शब्द ती एकेक अक्षर लावून वाचते. पण पाटी-पेन्सिल घेऊन तिने प्रत्येक पायरी उतरवली होती. यंत्र सुरू झाल्यावर म्हणाली, "एवढंच होतं होय? आणि तो दर वेळी पाचशे घ्यायचा!" रजिस्टरवाल्या ज्येष्ठ ताईही शिकल्या. त्यांचं रजिस्टर चालूच आहे, आणि आता कोणी हसत नाही.

हेही सांगितलं पाहिजे की हे मुक्त जग बायकांसाठी आपोआप मुक्त नाही. ग्नोम नावाचा एक मोठा मुक्त प्रकल्प आहे. २००६ साली त्यांच्याकडे उन्हाळी कामासाठी विद्यार्थ्यांचे १८१ अर्ज आले, त्यांत एकही मुलगी नव्हती. त्याची त्यांना लाज वाटली म्हणून त्यांनी स्त्रियांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला, तोच पुढे वाढून आउटरीची झाला. आणि याच क्षेत्राचा आरंभ पाहा! १९४५-४६ मध्ये अमेरिकेत एनिआक या प्रचंड यंत्राचं प्रोग्रॅमिंग सहा स्त्रियांनी केलं. दार आधी उघडं होतं, मग लोटलं गेलं. कोणतंही दार नुसत्या परवान्याच्या कागदाने उघडत नाही, आत जाऊन बसावं लागतं. आपल्या केरळमध्ये सरकारी शाळांतली मुलंमुली वर्षानुवर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकताहेत. तेव्हा "आपल्या लोकांना जमणार नाही" हे कारण मला आता पटत नाही.

तुम्ही उद्याच सगळं बदला असं मी म्हणत नाही. तुमच्या केंद्राला विंडोजच सोयीचं असेल तर ते ठेवा, पण रीतसर ठेवा आणि डिस्कला कुलूप घाला. माझी मागणी तीन गोष्टींची आहे. परत गेल्यावर तुमची सर्वांत जुनी मराठी फाइल उघडून पाहा, आणि वाचता येत नसेल तर आजच युनिकोडच्या कामाला लागा. यंत्र दुरुस्तीला जातं तेव्हा त्यातल्या बायकांचं काय होतं, हा विषय पुढच्या बैठकीत घ्या. आणि हे सगळं समजणाऱ्या किमान दोघीजणी तयार करा, एकीवर ठेवू नका. नाहीतर जुडगा फक्त एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर जाईल.

ती पहिली बाई, दुकानवाल्या दिराची वहिनी, अजून आमच्याकडे येते. मध्यंतरी तिने विचारलं, "ताई, माझं लिहिलेलं आता कुठे असतं?" मी तिला यंत्र दाखवलं आणि कुलपाचं सांगितलं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ज्या गोष्टी तिने दोन वर्षांत सांगितल्या नव्हत्या त्या त्या दिवशी सांगितल्या.

मी पेन ड्राइव्ह बरोबर आणला आहे, आणि एक जुना लॅपटॉपही. चहाच्या सुट्टीत मागच्या टेबलावर बसते. ज्या झोपल्या नाहीत त्यांनी या. ज्या झोपल्या त्यांना उठवून आणा.