चक्रे, आसने आणि धानाची बांधी

योगशास्त्रात चक्र म्हणजे डोळ्यांना दिसणारा अवयव नव्हे, तर पाठीच्या कण्याच्या वाटेवर मानलेले ध्यानाचे स्थान होय.

कण्याच्या तळाशी मानलेल्या मूलाधारापासून भुवयांमधील आज्ञाचक्रापर्यंत अशी सहा स्थाने असून, त्यांच्या वर, टाळूशी, सहस्रार मानले जाते.

ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. 1290 साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे, म्हणजे मूलाधारापाशी सुप्त मानलेल्या शक्तीचे, सविस्तर वर्णन येते.

पुढे स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचे शरीरावरील परिणाम प्रयोगाने तपासण्याची परंपरा रुजवली.

आसनाचा असा परिणाम रोजच्या कष्टात कसा उपयोगी पडतो, हे समजण्यासाठी आता गोंदिया जिल्ह्यातील रोवणी, म्हणजे धानाच्या रोपांची (पऱ्ह्यांची) लावणी, पाहावी.

डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी धरून, चिखलाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, स्त्रिया तासन्‌तास कमरेत वाकलेल्या असतात, आणि त्यामुळे पाठ आखडते.

अशा वेळी भुजंगासन उपयोगी पडते.

पालथे झोपावे, तळहात छातीच्या बाजूंना टेकवावेत, श्वास घेत छाती सावकाश उचलावी आणि श्वास सोडत खाली यावे.

वाकलेली पाठ उलट दिशेने ताणली जाते, छाती मोकळी होते, आणि परंपरा तेथेच, हृदयापाशी, अनाहत चक्र मानते.

गर्भवती स्त्रियांनी, तसेच मणक्याचा विकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे आसन करू नये.

थोडक्यात, श्रोतेहो, चक्र हा अवयव नव्हे, ते ध्यानाचे स्थान आहे. आसन शरीर मोकळे करते, श्वास संथ करते, आणि मन त्या स्थानी स्थिरावण्यास साहाय्य करते.